तापीत सोडलेले मासे

तापीकाठच्या आमच्या गुजर घरात मासा खाणं दूरच, जेवताना त्याचं नावही काढत नसत. पण नदीतल्या माशांना रोज कणकेच्या गोळ्या घालण्याचा बापूंचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, नियम कधी चुकला नाही. गोळ्या मी वळायचे. पुण्य त्यांचं, हात माझे.

मी बारा वर्षांची असताना हिवतापाच्या खात्याचा माणूस घागर घेऊन आला आणि घरामागच्या आमच्या विहिरीत चिमुकले मासे सोडून गेला. सुरतेकडच्या खाडीतले, बोटाच्या पेराएवढे, डोक्यावर चकचकीत ठिपका. "डासांची पिल्लं खातात. काढू नका," असं त्यानं दोनदा बजावलं. माझी सहा वर्षांची बहीण दिवसभर पायरीवर बसून ते ठिपके मोजायची.

बापूंना मात्र ते पाणी घशाखाली उतरेना. "पेवाना पानीमा मासा नही चाले," ते म्हणाले. मारावेत तर पाप. मग त्यांनी जुन्या धोतराची झोळी केली आणि मला विहिरीत उतरवलं. मासे पाण्याच्या वरवरच फिरत, त्यामुळे सगळे सापडले. बहीण रडायला लागली तेव्हा बापूंनी तिची समजूत घातली, "तापीमा सोडसूत. त्या सुरतले त्यासना घर जातीन." घागर घेऊन ते स्वतः नदीवर गेले. गावानं त्यांच्या दयेचं कौतुक केलं. अजून आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

पावसाळा सरता सरता बहिणीला थंडीताप सुरू झाला. दिवसाआड हुडहुडी भरायची. नंदुरबारच्या दवाखान्यातून कोयनेल आणलं, ते तिच्या पोटात ठरेना. दिवाळीआधी ती गेली.

पुढच्या वर्षी तोच माणूस आला. विहिरीत वाकून बघत त्यानं विचारलं, "मासे कुठे गेले?"

"मरी ग्यात," बापू म्हणाले.

मी मागच्या दारात उभी होते. एकही मासा मेला नव्हता. सगळे जिवंत गेले होते, घागर मीच भरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूंनी नेहमीसारख्या गोळ्या मागितल्या. मी परात पालथी घातली.

"मासा तं मरी ग्यात ना, बापू."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. खाली बसले, परात सरळ केली आणि स्वतःच कणीक मळायला घेतली. नियम त्यांनी मरेपर्यंत मोडला नाही.