तोडणाऱ्याला संत्रं

"तोडून दाखवा ना गा!" असं म्हणत त्या पदराला हात पुसायच्या आणि संगणकासमोरची खुर्ची आपल्यापुढे सरकवायच्या.

कचेरीत नवी वस्तू आली की साहेब लोक कसे 'हात लावू नका' म्हणतात, ते तुम्हीही पाहिलं असेल. आमच्या बाई नेमक्या उलट्या. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. नागपुरातल्या एका कॉलेजच्या संगणक केंद्राच्या त्या प्रमुख, आणि मी त्यांच्या हाताखाली. आमच्याकडची ऑपरेटिंग सिस्टीम कुणा कंपनीच्या कुलपात नव्हती. दूरदूरच्या विद्यापीठांतल्या लोकांनी मिळून लिहिलेली, आतला कोड सगळ्यांना उघडा. चूक सापडली की दुरुस्त करायची आणि इतरांना कळवायची.

नवी आवृत्ती टेपवर यायची. बाई ती आधी एका जुन्या यंत्रावर चढवत आणि शनिवारी सकाळी सगळ्यांना तपासायला बोलावत. ग्रंथपाल बाई, टायपिस्ट, आणि ज्यांची रक्तदात्यांची यादी आमच्या यंत्रावर असायची ते धंतोलीच्या रक्तपेढीतले काका. टेबलावर बाईंच्या नरखेडच्या भावाने पाठवलेली संत्र्यांची टोपली. जो बिघाड काढून दाखवेल त्याला संत्रं.

एकदा मी ऐटीत म्हणालो, "मॅडम, सगळं बरोबर चालून राहिलं."

"मंग तू काही केलंच नाही गा," त्या म्हणाल्या. ग्रंथपाल बाईंना सांगायच्या, "एवढी हळू काहून टाईप करतं वं? नवऱ्यावर चिडल्यावानी कर!"

त्यांच्या लहानपणी, छप्पन साली, वडिलांनी इथेच धम्म घेतला होता. कुणी मोठा सांगतो म्हणून मानू नये, स्वतः पारखून घ्यावं, हे त्या घरात जेवणाबरोबर वाढलं जाई. त्यामुळे टेपसोबतच्या कागदावर 'तपासलेले आहे' असं छापलेलं दिसलं की त्यांना हसू यायचं.

एका खेपेला कुणालाच काही सापडेना. टोपली भरलेलीच. पाहुणे यायचे होते म्हणून प्राचार्य घाईला आले होते. "आता तरी मोठ्या यंत्रावर चढवा, बाई!"

काका एका दात्याचं नाव घालत होते. बाई उठल्या आणि त्यांनी भिंतीतला प्लगच ओढला.

"अवो मॅडम, हे काय करून राहिल्या!" काका ओरडले.

"काहून? नागपुरात लाइन जात नाही का?"

यंत्र पुन्हा सुरू झालं, तर अर्धी यादी गायब. ती नुसती नक्कल होती, तरी काकांचा चेहरा पांढराफटक पडला. ही आवृत्ती मोठ्या यंत्रावर चढली असती, तर गडचिरोलीहून आणलेल्या एखाद्या बाळंतिणीसाठी रक्त कुणाकडे मागायचं? मग प्राचार्यांनी स्वतः टोपलीतलं एक संत्रं उचललं आणि दोन्ही हातांनी बाईंच्या हातात ठेवलं.

पुढचे कित्येक दिवस छापलेला कोड व्हरांडाभर पसरून त्या चूक शोधत बसल्या. सापडली. दुरुस्ती पोस्टाने गेली, आणि पुढच्या आवृत्तीत ती घेऊ असं उत्तरही आलं. नागपुरातली एक बाई जगभरच्या यंत्रांना लाइन गेल्यावर कसं सावरायचं ते शिकवते, याचं मला आजही नवल वाटतं. त्यांना मात्र तेव्हा चहा हवा होता.

ती आवृत्ती यायच्या आधीच त्या गेल्या. काविळीचं निमित्त झालं.

टेप आली. भावाने टोपलीही पाठवली. शनिवारी आम्ही सगळे जमलो, चिडून चिडून टाईप केलं. काहीच बिघडेना. शेवटी काका माझ्याकडे वळले. "ओढ ना गा."

मी प्लग ओढला. पडदा काळा झाला. यंत्र पुन्हा जागं झालं, तेव्हा काकांनी बोट लावून सगळी यादी पाहिली. शेवटच्या नावापर्यंत शाबूत होती.

काहीच तुटलं नव्हतं. म्हणजे त्यांच्या नियमाने संत्रं कुणालाच नव्हतं. भरल्या टोपलीभोवती आम्ही बसून राहिलो, आणि काहीतरी तुटायला हवं होतं, असं मला फार वाटलं.