डोंगरावरचा पिनकोड

सपना गवईने नोकरीची पहिली सतरा वर्षं एका थंडगार खोलीत काढली. अंधेरीला, मरोळमध्ये, एका आरोग्य विमा कंपनीचं ऑफिस होतं आणि त्याच्या तिसऱ्या मजल्यावर सर्व्हर रूम. बाहेर मे महिना असला तरी आत स्वेटर घालून बसायचं. कंपनीकडे विमा काढलेल्या लोकांची नावं, पत्ते, आजार, ऑपरेशनं, हॉस्पिटलांची बिलं, सगळं त्या खोलीतल्या मशीनमध्ये साठलेलं असायचं. ते सांभाळायचं काम सपनाचं. डेटाबेस मंद झाला की सपनाला फोन, जागा भरली की सपनाला फोन. धाकट्या भावाच्या लग्नात स्टेजवर विधी चालू असताना ती नऊवारीत हॉलच्या जिन्यावर लॅपटॉप उघडून बसली होती. तिची आई, चंपा, पाहुण्यांना अभिमानाने सांगत होती, "कंपनीची किल्ली माझ्या पोरीकडे असते."

चंपाने असं सांगावं यात नवल नव्हतं. सपनाचे वडील बुलढाण्याकडून आले, साकीनाक्याला लेथच्या कारखान्यात लागले आणि घाटकोपरच्या डोंगरउतारावर पत्र्याचं घर बांधून राहिले. सपना त्याच घरात वाढली. पाण्याचे हंडे घेऊन चढली-उतरली, विहारात बसून अभ्यास केला, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला, मग डिग्री. लग्नानंतर ती आणि नवरा सम्यक मुलुंडला छोट्याशा फ्लॅटमध्ये राहायला गेले. सम्यक महापालिकेच्या शाळेत शिक्षक. वडील गेले, पण आई डोंगरावरच राहिली. "इथं हाक मारली तर दहा माणसं येतात," म्हणायची.

एकवीस साली कंपनीने ठरवलं की सगळं क्लाऊडवर न्यायचं. स्वतःची मशीन ठेवायची नाहीत, दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या मशीनवर जागा भाड्याने घ्यायची. मीटिंगमधून बाहेर पडताना प्रीतम म्हणाला, "सपना, आपली वाट लागली."

प्रीतम तिच्याच टीममधला. बोरिवलीला राहायचा. तिच्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा. ती नवीन होती तेव्हा बॅकअप परत कसा चढवायचा हे त्यानेच हाताला धरून शिकवलं होतं.

"वाट कसली? शिकू ना रे," ती म्हणाली.

"तू शीक. मला आता परीक्षा झेपायच्या नाहीत."

ती खरंच शिकली. संध्याकाळचा स्वयंपाक सम्यकने अंगावर घेतला आणि ती जेवणाच्या टेबलावर व्हिडिओ लावून बसायची. चाळिशी उलटल्यावर पुन्हा परीक्षा दिल्या. एकदा नापास झाली, तेव्हा बाथरूममध्ये जाऊन रडली. मग पास झाली. प्रीतमने दोनदा फॉर्म भरला आणि दोन्ही वेळा बसलाच नाही.

सगळा डेटा नव्या जागी हलवला तो एका रविवारी. सकाळी जुनं बंद केलं, दुपारी जेवणाआधी नवं चालू झालं, एक नोंद इकडची तिकडे झाली नाही. सोमवारी केक कापला. त्याच आठवड्यात एचआरने प्रीतमला वर बोलावलं आणि त्याच्यामागून आणखी तिघांना.

तो खाली आला आणि स्वतःच्या जागेकडे न जाता सर्व्हर रूममध्ये गेला. सपना मागोमाग गेली. खोली रिकामी झाली होती. मशीन भंगारवाल्याने नेली होती, जमिनीवर त्यांचे चौकोनी डाग उरले होते. एसी मात्र कोणी बंदच केला नव्हता, तो तसाच घोंघावत होता. प्रीतमने बटण दाबून तो बंद केला.

"उगाच बिल कशाला," म्हणाला आणि निघून गेला. नंतर तिने दोन-चार वेळा फोन केले. एकदा त्याने उचलला, कुठल्यातरी शाळेत कॉम्प्युटर दुरुस्तीला जातो म्हणाला. मग उचलेनासा झाला.

सपनाला कंपनीने ठेवलं, पण जुन्या कामावर नाही. डेटा सांभाळायला आता माणूस लागत नव्हता. तिला ॲनालिटिक्समध्ये टाकलं, म्हणजे साठलेल्या डेटातून अर्थ काढणाऱ्या टीममध्ये. तिथला प्रमुख अनय, वय एकोणतीस. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मला सर वगैरे नको, अनयच म्हणा." मुलगा चांगला होता. पण मीटिंगमध्ये सगळी मुलं भराभर बोलायची आणि सपना अर्धे शब्द हातावर लिहून घ्यायची, घरी जाऊन शोधायची.

सहा महिन्यांत चित्र पालटलं. मुलांना आकडेमोड यायची, पण कुठला रकाना कशासाठी होता आणि कुठल्या वर्षी बदलला, हे फक्त सपनाला ठाऊक. अनयने तिच्यावर मोठं काम सोपवलं. खोटे क्लेम शोधणारं मॉडेल. प्रत्येक नव्या क्लेमला शंभरपैकी गुण द्यायचे. गुण जास्त म्हणजे संशय जास्त. गुण ठरावीक रेषेच्या वर गेले की मंजुरी थांबवायची, घरी माणूस पाठवून चौकशी करायची आणि मग पुढे. सपनाला काम पटलं होतं. न झालेल्या ऑपरेशनची बिलं लावणारे लोक तिने वर्षानुवर्षं पाहिले होते. मागच्या दहा वर्षांचे क्लेम तिने स्वतः साफसूफ करून मॉडेलला शिकायला दिले. मॉडेल सुरू झालं, वरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, तिचा फोटो कंपनीच्या मासिकात आला. चंपाने तो कापून कपाटाच्या दाराला चिकटवला.

सुरू झाल्यावर दोनेक महिन्यांनी सपना सहज थांबलेल्या क्लेमची यादी पिनकोडप्रमाणे लावून बघत होती. सगळ्यात वर दोन-तीन पिनकोड दाटीने आले होते. त्यातला एक वाचताना ती थबकली. शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर, पहिल्या नोकरीच्या अर्जावर तिने तो इतक्या वेळा लिहिला होता की तो आकडा तिला पाढ्यासारखा पाठ होता.

ती अनयकडे गेली.

"अनय, हे बघ. वस्तीतला माणूस आहे म्हणून गुण चढतात."

अनयने स्क्रीन बघितली. "मॅडम, मॉडेलला जातपात, गरीब-श्रीमंत काही कळत नाही."

"पिनकोड कळतो ना त्याला."

"पण त्या भागात खोटे क्लेम जास्त सापडलेत. डेटाच तसा आहे."

"सापडलेत, कारण चौकशीला माणसं तिथेच पाठवायचे. मी बघितलंय ना. जुहूच्या बंगल्यावर कोण जाऊन विचारणार, तुमचं ऑपरेशन खरं का म्हणून? तिकडे शोधलंच नाही तर सापडणार काय?"

अनयने यादी पुन्हा वरपासून वाचली. मग म्हणाला, "तुमचं बरोबर असेल. रकाना काढून बघा."

तिने काढून बघितला. मॉडेलची पकड थोडी सैल झाली. वरून उत्तर आलं की आकडे चांगले येतायत, आत्ता हात लावू नका, पुढच्या तिमाहीत बघू. सपनाने एक मेल लिहिला, मग आणखी एक. दोन्हींना "नोंद घेतली" असं उत्तर आलं. सम्यक म्हणाला, "लावून धर." ती म्हणाली, "धरते." पण पुढची कामं अंगावर येत गेली, आणि तिमाही संपायला अजून अवकाश होता.

डोंगरावर चंपाच्या शेजारी लवू आणि माधुरी राहायचे. कणकवलीकडचे. मधली भिंत एकच. माधुरी आणि सपना एका वर्गात होत्या, लवू पलीकडच्या गल्लीतला, त्या दोघांचं जमवायला चिठ्ठ्या पोचवणारी सपनाच. लवू कुरिअरची गाडी चालवायचा. त्याला साखरेचा आजार होता. सपनाच त्याच्या मागे लागून म्हणाली होती, "आमच्याच कंपनीची पॉलिसी काढ रे, वेळेला उपयोगी येईल." आजार न लपवता त्याने काढली, दर वर्षी वेळच्या वेळी हप्ता भरला.

तेवीसच्या पावसाळ्यात त्याच्या पायाला गाडीचा पत्रा लागला. जखम चिघळली. ताप चढला तेव्हा माधुरीने त्याला जवळच्या खाजगी हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, आत पू पसरतोय, उद्याच साफ करावं लागेल, अंगठा बहुतेक जाईल पण पाऊल वाचेल. हॉस्पिटलने विमा कंपनीकडे मंजुरी मागितली. उत्तर आलं, तपासणी चालू आहे. मग एक कागद मागितला. तो दिला तर दुसरा. मंजुरी नाही तर आधी पैसे भरा, असं हॉस्पिटल म्हणत होतं. तोवर सलाइन आणि ड्रेसिंग.

चंपा तेव्हा गावी होती. सपनाला फोन करायचं माधुरीच्या मनात आलं होतं, पण तिला वाटलं, कागदाचं काम आहे, होईल आज-उद्या, तिला कामात कशाला त्रास. कंपनीचा माणूस डोंगरावर चौकशीला आला तेव्हा घराला कुलूप होतं, कारण माधुरी हॉस्पिटलात होती. "विहाराच्या मागे, नळाच्या वर" हा पत्ता त्याला धड सापडलाही नसेल. त्याने लिहिलं, पत्त्यावर कोणी भेटलं नाही. त्यामुळे संशय आणखी वाढला.

शेवटी गावाहून परतलेल्या चंपाने फोन लावला. "सपना, लवूला अडकवून ठेवलंय गं तुमच्या कंपनीनं."

सपनाने लवूचं नाव टाकून क्लेम उघडला. गुण लाल रंगात होते. तिला तो पुढे सरकवता येत नव्हता, मंजूर करता येत नव्हता, फक्त बघता येत होता. ती अनयकडे धावली. अनयने तिच्यासमोर तीन ठिकाणी फोन लावले, आवाज चढवला. "उद्या करतो म्हणतात," तो म्हणाला. सपना थांबली नाही. रिक्षा करून हॉस्पिटलात गेली, स्वतःच्या कार्डाने पैसे भरले. लवूला लगेच आत घेतलं.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "दोन दिवस आधी का नाही भरले?" पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंजुरी आली. अख्खं बिल कंपनीने दिलं.

आठवड्याने माधुरी आणि सपना हॉस्पिटलच्या गच्चीकडच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. माधुरी सरळ बोलणारी. तिने विचारलं, "पैशे द्यायचेच होते ना त्यांना? मग अडवला कशाक?"

सपनाला काहीही सांगता आलं असतं. कागद कमी होते म्हणता आलं असतं. ती म्हणाली, "एक प्रोग्राम आहे, माधुरी. कोण खोटं बोलत असेल ते तो ठरवतो. त्याने लवूला थांबवलं. तो मी बनवलाय."

"लवू खोटा बोलता, असा त्याला वाटला?"

"हो."

"कशावरून?"

"बऱ्याच गोष्टी असतात. पण मुख्य म्हणजे पत्ता."

माधुरीने पदराने तोंड पुसलं. "तुझो पण हाच पत्तो होतो गो," म्हणाली आणि आत गेली. सपना तिच्यामागे उठू शकली नाही.

त्यानंतर सपनाने जे करायचं ते केलं. लवूची सगळी केस मांडून, नावानिशी, थेट वरपर्यंत पाठवली. तिला बोलावलं, ऐकून घेतलं, पाणी विचारलं. पिनकोडचा रकाना मॉडेलमधून काढण्यात आला. पुढच्या महिन्यात तिने पुन्हा यादी लावून बघितली. फारसा फरक नव्हता. कुठलं हॉस्पिटल, कुठला एजंट, किती रकमेची पॉलिसी, हे रकाने आतच होते, आणि वस्तीतला माणूस त्यांच्यावरूनही ओळखू येत होता. तिने तेही लिहून कळवलं. या वेळी तिला बोलावलं नाही. काही दिवसांनी तिला त्या कामावरून काढून विक्रीचे तक्ते बनवायला बसवलं. अनय नोकरी बदलून बंगळुरूला गेला.

तिने बाहेर अर्ज केले. एका ठिकाणी मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, तुमचं सगळ्यात मोठं काम कोणतं. सपना क्लेमच्या मॉडेलबद्दल सांगायला लागली, त्यातला दोषही सांगायला लागली. बाई मध्येच म्हणाल्या, "वा, म्हणजे अख्खं मॉडेल तुम्ही उभं केलं? आम्हाला तेच हवंय." त्यांनी नोकरीचं बोलावणं पाठवलं. सपना गेली नाही. ती मरोळलाच राहिली. फ्लॅटचे हप्ते होते, मुलगी बारावीला होती. सम्यकने एकदाच विचारलं, "किती दिवस?" तिने मुलीच्या क्लासच्या फीचा कागद त्याच्यापुढे सरकवला, आणि त्याने पुन्हा विचारलं नाही.

लवूला कुरिअर कंपनीने काढलं. आता तो डोंगराच्या पायथ्याशी मोबाइल रिचार्जच्या टपरीवर बसतो. वर घरी जायला दोन माणसांचा आधार लागतो म्हणून दिवसभर खालीच राहतो. सपना आईकडे येते तेव्हा टपरीवरून जावंच लागतं. माधुरीने नवऱ्याला काही सांगितलेलं नाही. का नाही, हे तिने सपनालाही सांगितलं नाही. ती सपनाशी बोलते, विचारलं तेवढंच बोलते.

मागच्या रविवारी सपना चढत होती. टपरीवर गिऱ्हाईक होतं. लवूने तिला लांबूनच हाक मारली, गिऱ्हाइकाला म्हणाला, "ही आमची सपना. मोठ्या कंपनीत आसा. ही होती म्हणान माझो जीव वाचलो, नायतर पैशे कोण देता!" मग त्याने ओरडून समोरून कटिंग मागवली, स्वतःचं स्टूल पुढे सरकवलं आणि कुबडीला टेकून उभा राहिला.

"बस गो," म्हणाला.

सपना बसली. चहा आला. तिने तो प्यायला.