आईंच्या यंत्राचा सेल

पिंप्राळ्याच्या त्या गल्लीत कुणाच्या घरी नवी सून आली की सासू तिला एकदा तरी दिपमालाकडे पाठवायची. "जा, बस जरा तिच्याजवळ. घर कसं चालवतात ते बघून ये." दिपमालाच्या हाताची तशी कीर्तीच होती. कोथिंबिरीच्या काड्या तिच्याकडे कधी फेकल्या गेल्या नाहीत, त्यांची चटणी व्हायची. दुधाच्या पातेल्याला लागलेली साय खरवडून त्यातच ती कणीक मळायची. बाजार उठायच्या वेळेला पिशवी घेऊन निघायची आणि भरताची वांगी निम्म्या भावात घेऊन यायची. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या तर तिने अशा शिवल्या होत्या की पाहुणे मागून न्यायचे.

आणि ही काटकसर रडकी नव्हती. दारी आलेल्याला शेवभाजी तर्रीदार मिळायची. हात आखडायचा तो आधी स्वतःसाठी. लेकीला, हेमांगीला, फार्मसीला घातलं, दोन खोल्यांवर स्लॅब टाकला, तो सगळा या हाताचाच प्रताप, असं तिचा नवरा नवल चारचौघांत सांगायचा.

हे वळण तिला लहानपणीच लागलं होतं. यावलला तिचे वडील वना केळीबागांत घड उतरवायला जायचे. माणूस मोठा दिलदार. बाजाराच्या दिवशी पगार झाला की आधी मित्रांना जिलेबी, मग घर. एकदा दुकानदाराने उधारी थकली म्हणून आईच्या पिशवीतून बांधलेली साखरेची पुडी सगळ्यांसमोर परत काढून घेतली. आई पिशवीचं तोंड घट्ट धरून उभी राहिली. आठ-नऊ वर्षांची दिपमाला तिच्या शेजारी होती. आपल्या पिशवीत कुणी हात घालणार नाही असं राहायचं, हे तिने त्या दिवशी मनाशी धरलं ते कायमचं.

लग्न होऊन ती जळगावला आली. नवल डाळ मिलमध्ये मशीनवर होता. घरात तिसरं माणूस म्हणजे सासू, भिकुबाई. त्या अमळनेरकडच्या, अस्सल अहिराणी बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी नव्या सुनेच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "तू मनी अंडेर शे." दिपमालाला वाटलं, अंड्यांचं काहीतरी म्हणताहेत. ती म्हणाली, "आई, आमच्याकडे नाही खात." भिकुबाई भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. अंडेर म्हणजे लेक, हे सांगतानाही त्यांना हसू आवरेना.

भिकुबाईंना बोलायला भारी लागायचं. तांदूळ निवडताना, बिबड्या वाळत घालताना, नळाला पाणी येईपर्यंत, त्यांचं तोंड चालूच. कोणाची म्हैस कोणाच्या लग्नात घुसली, कोणत्या सासूने कोणत्या सुनेची कशी जिरवली. श्रावणात कानबाई देवी बसली की गल्लीतल्या बाया त्यांनाच बोलवायला यायच्या, कारण गाणी सगळी त्यांनाच पाठ. माहेर सोडून आलेली दिपमाला पहिली दोन वर्षं त्या बोलण्याच्या आधारावरच रुळली. नवलची पाळी बारा तासांची. घरात माणसाचा आवाज होता तो सासूचाच.

पुढे भिकुबाईंचे कान गेले. आधी घंटी ऐकू येईना, मग हाक, मग शेजारी बसलेल्याचं बोलणंही. हेमांगी तेव्हा शाळेत होती. तिने हट्टच धरला आणि दिवाळीच्या बोनसमधून नवलने आईला कानाचं यंत्र घेऊन दिलं. यंत्र लावलं त्या सकाळी दिपमाला पोह्यांना फोडणी देत होती. मोहरी तडतडली तशा भिकुबाई ओट्यापाशी धावत आल्या. "ऐकू येस वो! बठ्ठं ऐकू येस!" त्या दिवशी त्या दुपारी झोपल्यासुद्धा नाहीत. इतकं बोलल्या की रात्री घसा बसला.

मग करोनाचं वर्ष आलं. मिल बंद पडली. नवल घरी बसला आणि दिपमालाने घराच्या एकेका खर्चावर बोट ठेवायला सुरुवात केली. वर्तमानपत्र बंद केलं, केबल बंद केली, चहा दोन वेळचा एक वेळचा केला. तशातच एक दिवस तिचं लक्ष यंत्राच्या सेलकडे गेलं. बटणाएवढा तो सेल, आठवडाभरात संपायचा.

तिने सासूच्या कानाशी वाकून सांगितलं, "आई, घरात आपण आपणच तर आहोत. कुणी आलं-गेलं तरच यंत्र लावत जा. सेल लवकर संपतात."

भिकुबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग मान हलवली. "खरं शे. उगाच सेल सरी जातीन." त्यांनी स्वतःच यंत्र काढून स्टीलच्या डबीत ठेवलं आणि डबी देवघरात सरकवली. त्याही जुन्या काळच्या. वाचवणं त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

त्या वर्षी यात चुकीचं कुणालाच काही वाटलं नाही. वेळच तशी होती. पण मिल पुन्हा सुरू झाली. नवलचा पगार आला, वर्तमानपत्र आलं, चहा दोन वेळचा झाला. डबी मात्र देवघरातच राहिली. घरात कामं खुणांनी व्हायला लागली होती. जेवायला ये म्हणायचं तर हाताने घास दाखवायचा, अंघोळीला जा म्हणायचं तर टॉवेल पुढे करायचा. पाहुणे आले की दिपमाला डबी काढायची, पाहुणे गेले की परत ठेवायची. भिकुबाई बोलेनाशा झाल्या. कानबाईला एक वर्ष बाया बोलवायला आल्या, तेव्हा त्यांनी नुसता हात हलवला. पुढच्या वर्षी कुणी आलं नाही. घर शांत झालं, आणि दिपमालाला खरं सांगायचं तर तेव्हा ते बरंच वाटलं. म्हातारपण आलं की माणूस शांत होतो, असं तिने नवललाही सांगितलं होतं.

गल्लीतल्या बेबाबाई बचत गटाच्या अध्यक्ष. दोन वर्षांपूर्वी महिला दिनाला त्यांनी समाजमंदिरात कार्यक्रम ठेवला आणि दिपमालाला गळच घातली, "काटकसरीचा संसार या विषयावर तूच बोल. दुसऱ्या कुणाचा हक्कच नाही." दिपमालाने आयुष्यात माईक धरला नव्हता. हेमांगीने तिला ठेवणीतली साडी नेसवली. भिकुबाईंनाही सोबत घेतलं. त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. निघताना हेमांगी डबी आणायला वळली, तर दिपमाला म्हणाली, "राहू दे गं. तिथे नुसता गलका. उगाच सेल जाईल."

सुरुवातीला तिचा आवाज कापला, पण कोथिंबिरीच्या काड्यांवर बाया हसल्या आणि तिला धीर आला. मग ती रंगतच गेली. गॅस कधी बारीक करायचा, साबणाचे उरलेले तुकडे कसे जोडायचे, पाहुण्यांना वाढताना भाताचा वाडगा आधी का ठेवायचा. एकेका युक्तीला हशा, टाळ्या. तिचे डोळे चमकत होते. आणि मग ती म्हणाली, "आता शेवटचं सांगते. आमच्या आईंना कानाचं यंत्र आहे. त्याचा सेल आठवड्यात संपतो. मी काय केलं? पाहुणे आले तरच यंत्र लावायचं! आठवड्याचा सेल महिनाभर पुरवते मी!"

सभागृह खदखदून हसलं. मागून कुणी ओरडलं, "सासूचे टोमणेही वाचले!" त्यावर आणखी हशा. टाळ्या थांबेचनात. दिपमालाही हसत होती. हसता हसता तिची नजर पहिल्या रांगेकडे गेली.

भिकुबाई टाळ्या वाजवत होत्या. डावीकडे-उजवीकडे बघून, सगळ्या वाजवतात म्हणून, मनापासून. चेहरा सुनेच्या कौतुकाने फुललेला. दिपमालाशी नजरानजर झाली तशी त्यांनी पदर सावरून मान उंच केली.

दिपमालाचं हसू थांबलं. पुढे काय बोलायचं ते आठवेना. "एवढंच," म्हणून तिने माईक बेबाबाईंच्या हातात दिला. शाल, नारळ, फोटो सगळं झालं. ती यंत्रासारखी उभी राहिली आणि बसली.

घरी येताना तिघी चालतच निघाल्या. हेमांगी दोन पावलं पुढे चालली होती. भिकुबाईंनी सुनेचा दंड धरला आणि विचारलं, "काय बोलनी वो तू? बठ्ठ्या टाळ्या वाजाडी राहिंत्यात, म्हनीसन मी बी वाजाड्यात."

रस्त्यावर वर्दळ होती. उत्तर द्यायचं तर ओरडून द्यावं लागणार होतं. ओरडून काय सांगायचं?

भिकुबाईंनी तिचा दंड थोपटला. "चांगलंच बोलनी व्हशी."

घरात पाऊल टाकताच दिपमालाने डबी काढली. नवा सेल घालून यंत्र सासूच्या कानात बसवलं. "आई, आता रोज लावायचं. दिवसभर. ऐकू येतंय ना?" भिकुबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "काय?" दिपमालाने पुन्हा विचारलं, हळू, मग जोरात. भिकुबाई तिच्या ओठांकडे बघत राहिल्या. तेवढ्यात स्वयंपाकघरात हेमांगीच्या हातून झाकण पडलं, तशा त्या दचकल्या आणि कान दाबून धरला.

दुसऱ्याच आठवड्यात ती सासूला कान तपासणाऱ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे विधी नावाची तरुण मुलगी होती. तिने भिकुबाईंना काचेच्या खोलीत बसवलं, स्वतःच्या तोंडासमोर कागद धरून एकेक शब्द उच्चारला. भाकरीला भिकुबाई चादर म्हणाल्या. पाण्याला गाणं म्हणाल्या. दिव्याला काहीच म्हणाल्या नाहीत, नुसत्या कागदाकडे बघत राहिल्या.

"यंत्राची सेटिंग मी वाढवून देते," विधी म्हणाली. "वयाने कान थोडा आणखी उतरलाय, पण तेवढंच कारण नाही. आजी किती वर्षं नियमित लावत नव्हत्या?"

दिपमालाने खाली मान घालून सांगितलं.

"आवाज पोचतोय, पण त्यातला शब्द ओळखायची सवय मोडलीय. कानाने ऐकलं तरी डोक्याला लावता यावं लागतं ना. बोलत राहा त्यांच्याशी. थोडं परत येईल. सगळं येईल असं मी नाही सांगत." मग सेलचं पाकीट देताना ती सहज बोलून गेली, "आणि यावरचं स्टिकर एकदा काढलं ना, की हवा लागून हा सेल वापरला नाही तरी उतरतच जातो. त्यामुळे काढून ठेवण्यात फारसं काही वाचत नाही."

दिपमाला पाकीट हातात घेऊन तशीच उभी राहिली. विधीला वाटलं, किंमत जास्त वाटली असावी. "दुसऱ्या कंपनीचे दाखवू का, मावशी?"

"नको," दिपमाला म्हणाली. "हेच द्या. जास्तीचे द्या."

त्यानंतर तिने रोज दुपारी सासूजवळ बसायचा नेम धरला. समोर बसून एकेक शब्द, हळू, तोंड दाखवून. कधी एखादा शब्द लागायचा आणि भिकुबाईंचा चेहरा उजळायचा. पण बहुतेक वेळा त्या थकून जायच्या. "माथं दुखस वो," म्हणून यंत्र काढून ठेवायच्या. एकदा म्हणाल्या, "भांडास्ना आवाज येस माले, मानसस्ना येत नही." तक्रार म्हणून नाही, पाऊस पडतोय म्हणावं तशा.

नवलने बायकोला समजावून पाहिलं. "तू काय जाणूनबुजून केलं का? त्या वर्षी घर तूच तर तारलं." ती म्हणाली, "त्या वर्षीचं मला काही वाटत नाही हो. मिल सुरू झाली तेव्हा का नाही काढली मी डबी? एवढा हिशोब करत होते आणि हाच कसा नाही केला?"

हेमांगी आईला एका शब्दानेही बोलली नाही. फुलगावच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं आणि ती गेली. जाताना आजीला मिठी मारून कानाशी कितीतरी वेळ बोलत होती. भिकुबाई हो-हो म्हणत होत्या. काय कळलं, ते त्यांनाच ठाऊक.

बेबाबाईंनी परवा पुन्हा विचारलं, यंदा दुसऱ्या गटाने बोलावलंय म्हणून. दिपमाला नाही म्हणाली. "का गं? केवढं छान बोलतेस." ती पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली, "विसरले मी सगळं."

यंदाच्या वैशाखात जळगाव नेहमीसारखं भाजून निघत होतं. दुपारी दिपमालाने कूलरसमोर सासूची खाट ओढली आणि बोलायला बसली. कूलरच्या घरघरीत भिकुबाईंना काही लागेना. दिपमाला उठली, कूलर बंद केला, परत येऊन बसली. खोली एकदम गप्प झाली. दोघींच्या कपाळावरून घाम निथळायला लागला.

भिकुबाईंनी कूलरच्या थांबलेल्या पंख्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. "लाइट बिल वाचाडी राहिनी का?"

"नाही आई," दिपमाला त्यांच्या अगदी पुढ्यात वाकली. "तुम्हाला ऐकू यावं म्हणून. बोलायचंय मला."

भिकुबाई तिच्या ओठांकडे निरखून बघत होत्या. मग समजल्यासारखी त्यांनी मान डोलावली आणि पदराने तिच्या गळ्यावरचा घाम टिपला.

"बरं कयं," त्या म्हणाल्या. "वाचाडाले पाहिजे."