जानेवारीत काढलेला दाखला

मुलगी बारावीला गेली त्याच आठवड्यात मी तिच्या अ‍ॅडमिशनसाठी वेगळी वही केली. पहिल्या पानावर कागदपत्रांची यादी, एक ते एकोणीस. समोर तीन रकाने: अर्ज केला, मिळाले, झेरॉक्स. नवऱ्याने वही चाळली आणि विचारलं, "नवरदेवाचा रकाना कुठल्या पानावर आहे?" माझ्या याद्यांवर हसणारी माणसं प्रवासाला निघताना चार्जर माझ्याकडेच मागतात.

तिला बीएससी अ‍ॅग्री करायचं होतं, आणि तेही नाशिकजवळच्याच कॉलेजात. आम्ही गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये राहत असलो, तरी घरचा मळा शहराबाहेर अजून आहे. धाकटे दीर आणि जाऊ तिथे भाजी आणि फुलं काढतात. मुलीची प्रत्येक सुट्टी त्यांच्या गुलाबांत जायची. शिकता शिकता मळ्यात काम करायचं, हे तिने दहावीतच ठरवलं होतं. सीईटीत तिला पडतील अशा मार्कांवर खुल्या गटातून हे कॉलेज मिळणं कठीण होतं, आमच्या प्रवर्गातून मिळण्यासारखं होतं. त्यासाठी नॉन-क्रीमी लेअरचा दाखला हवा. आमचं उत्पन्न मर्यादेच्या आत आहे, असं सरकारने लिहून दिलेला हा कागद. यादीत तो सातव्या नंबरवर होता.

जूनमध्ये सेतू केंद्रावर काय गर्दी असते ते मला माहीत होतं. म्हणून मी जानेवारीतच गेले. केंद्रात मी आणि दोन पेन्शनर. तिथल्या मुलीने विचारलं, "आत्ता कशाला काढताय मॅडम?" मला तिची कीव आली. पंधरवड्यात दाखला हातात आला. मी सातव्या ओळीपुढे लाल पेनाने टिक केली, पाच झेरॉक्स काढल्या आणि मूळ कागद प्लास्टिकच्या कव्हरात घातला.

मुलीने तो उलटसुलट पाहिला. "आई, यावर एकतीस मार्च लिहिलंय."

"सरकारी कागदावर कुठली ना कुठली तारीख असतेच," मी म्हणाले. "तू फिजिक्सकडे बघ."

मे महिन्यात मळ्यावर गेले तेव्हा जाऊ शेवंतीची रोपं बसवत होती. तिची मुलगी माझ्या मुलीच्याच वर्षाची, तीही अ‍ॅग्रीलाच अर्ज करणार होती. मी कागदांची चौकशी केली.

"करू की ताई, लय वेळ हाय अजून."

"अगं, शेवटच्या क्षणी पळापळ होते."

"पळू की मग. पळायची सवय हाय आम्हाला." मग हसून म्हणाली, "जूनमध्ये जाईन तेव्हा तुमच्या पोरीचा पण अर्ज टाकून देऊ का?"

मी गाडीत बसल्यावर नवऱ्याला म्हणाले, हिचं कसं होणार? त्या वाक्यातलं समाधान मला अजून आठवतं.

अर्ज सुरू झाले त्याच दिवशी आमचा भरून झाला. शेवटची तारीख होती शनिवार, संध्याकाळी पाच. मी निवांत होते. गुरुवारी दुपारी मी ऑफिसात असताना मुलीचा फोन आला. अर्ज तपासणीतून परत आला होता. दाखल्याची मुदत संपली होती.

"कुठल्या दाखल्याची?"

"सात नंबरच्या."

हा दाखला एकतीस मार्चपर्यंतच चालतो. एप्रिलनंतर काढला असता तर पुढच्या मार्चपर्यंत चालला असता. म्हणजे मी दोन महिने थांबले असते, थोडा आळस केला असता, तर सगळं वेळेवर झालं असतं. मी औषधांच्या होलसेलरकडे स्टोअर सांभाळते. कुठल्या सिरपची एक्स्पायरी कधी आहे ते मला झोपेतून उठवून विचारा. नवऱ्याने संध्याकाळी एवढंच विचारलं, "हा माल परत घेतात का गं?"

मुलगी मात्र हसली नाही. जेवतानाही ती मोबाइलवर तीच ओळ परत परत वाचत होती. "मी सांगितलं होतं" असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

नवा दाखला दोन दिवसांत मिळणं शक्य नव्हतं. पण नियमावलीत एक सोय सापडली: दाखल्यासाठी नव्याने अर्ज केल्याची पावती जोडली तरी तूर्त चालेल, मूळ दाखला नंतर दाखवायचा. पावतीसाठी सेतू केंद्र आलं, आणि जून महिना होता. मी जावेला फोन केला. तिने तिच्या मुलीचा दाखला मागच्याच आठवड्यात काढला होता, अगदी सावकाश, अगदी बरोबर.

"ताई, उद्या नऊला या," ती म्हणाली. "कागद तेवढे नीट आणा."

दुसऱ्या दिवशी मी आणि मुलगी नऊला पोचलो तर रांग जिन्यावरून खाली रस्त्यावर आली होती. जाऊ कुठे दिसेना. रांगेत पाचव्या जागी एक रिकामी फुलांची पाटी होती, तिच्यावर ओलं फडकं. पाटीमागचे काका म्हणाले, "माळीणबाईंची जागा आहे, हात लावू नका. त्या चहाला गेल्यात." जाऊ फुलं बाजारात देऊन पहाटेच तिथे आली होती आणि टोकनसाठी पाटी ठेवून गेली होती. अर्धी रांग तिला ओळखत होती.

खिडकीशी पोचलो तेव्हा आतल्या माणसाने एकेक कागद मागायला सुरुवात केली. तीन वर्षांचं उत्पन्न, दिलं. शाळेचा दाखला, दिला. शिधापत्रिका, वीजबिल, फोटो, दिले. त्याने मान वर करून पाहिलं.

"सगळं एकदम? असं कोणी आणत नाही."

"आमच्या ताई हायेत त्या," जाऊ मागून म्हणाली. "त्यांचं सगळं आधीच तयार असतं. कधी कधी जास्तच आधी."

रांगेतली माणसं हसली. मुलगीही हसली, गुरुवारनंतर पहिल्यांदा. मग मलाही हसावं लागलं.

साइट दिवसभर रुसलेली होती. पावती दुपारी चारला हातात आली. शनिवारी सकाळी मुलीने ती स्वतः अपलोड केली. मला बाजूला बसवलं, पण माउसला हात लावू दिला नाही. बारा वाजून गेल्यावर मेसेज आला: अर्ज स्वीकारला.

तिने वही माझ्यासमोर सरकवली. "आता टिक कर."

सातव्या ओळीपुढे टिक होतीच, जानेवारीची, लाल, ठसठशीत. दुसऱ्यांदा टिक करायला रकाना नव्हता. तिने माझ्या हातातून पेन घेतलं, त्या टिकेवर एक रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: काकू, पाटी.