धुराला अकरा वाजेपर्यंत थांबवलं

आमच्या यांना दमा आहे आणि सकाळच्या चहाचा नादही आहे. घरात चहा मिळत नाही असं नाही हो, पण सहाला उठून कालव्याकडेनं चालत चौकातल्या टपरीवर जायचं, चार म्हाताऱ्यांत बसायचं आणि गावभरच्या बातम्या घेऊन सातला घरी यायचं, यात त्यांचा जीव. ज्या दिवशी जायला जमत नाही त्या दिवशी घरात बसून माझ्या भाजीला नावं ठेवतात. तेव्हा त्यांचं फिरणं ही माझीही गरज, लपवून काय करू?

बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, थंडीत बाहेर पडण्याआधी मोबाईलवर हवा बघत जा. नातीनं मोबाईलमध्ये ते घालून दिलं. हिरवं दिसलं तर चांगली हवा, लाल दिसलं तर घरात बसा. मला तर गंमतच वाटली.

एकदा ऐन थंडीत सकाळी मोबाईल हिरवागार होता. मी यांना मफलर गुंडाळून पाठवलं. अर्ध्या तासात टपरीवाल्यानं गाडीवर मागं बसवून घरी आणून सोडलं. छाती भात्यासारखी वाजत होती. झालं होतं असं, की आमच्या बांधाला बांध असलेल्या भाऊजींनी तुटलेल्या उसाचा वाळका पाला, म्हणजे पाचट, पहाटेच पेटवलं होतं आणि तो धूर कालव्यावर गोधडीसारखा पसरला होता.

मी नातीला फोन करून मोबाईलची तक्रार केली. ती हसायला लागली. "आजी, ते सगळ्या बारामती भागाचं सांगतंय. शेजारच्या काडेपेटीचं त्याला कसं कळणार?" मग तिनं समजावलं, की थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होते, ऊबदार हवा तिच्यावर बसते, वारं पडतं, आणि धुराला वर जायला वाटच राहत नाही.

"म्हणजे भाताच्या पातेल्यावर झाकण."

"बरोब्बर! ऊन चढलं की झाकण निघतं. आणि आजी, नुसता रंग बघू नकोस. खाली वारा किती, कुठल्या बाजूला, तेही लिहिलेलं असतं."

तेव्हापासून मी उजाडताना गच्चीवर जाते. एका हातात मोबाईल आणि नजर लांबच्या कारखान्याच्या धुराड्यावर. धूर सरळ वर निघाला की यांना चप्पल देते. आडवा झोपला असेल तर घरीच चहा टाकते.

पंधरा दिवसांनी भाऊजींच्या दुसऱ्या तुकड्यातला ऊस तुटला. उद्या पहाटे पेटवणार असं कळल्यावर मी त्यांच्या दारात गेले.

"भाऊजी, सकाळचं पेटवू नका. यांना सोसत न्हाय."

"वहिनी, सकाळी वारं नसतं म्हणून तर पेटवायचं. दुपारी ठिणगी उडून तुमच्या उभ्या उसात पडली, तर तुमीच येताल भांडायला."

खरंच की! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वारं नसलं की आमचा ऊस सुरक्षित, आणि तेच वारं नसलं की आमच्या यांची छाती धोक्यात.

"मग पेटवूच नका, पाचट सरीत दाबून कुजवा."

"औंदा न्हाय जमत. परवा कालव्याच्या पाण्याची पाळी हाय, त्याआधी रान मोकळं पायजे."

मी तिथंच मोबाईल काढला. उद्या दहापर्यंत वारं नाही, मग हलकं, कालव्याच्या बाजूला, आणि दोननंतर जोराचं. "अकराला पेटवा. ओली पोती घेऊन बांधावर मी उभी राहते."

"हवामान खात्यात लागलाय व्हय वहिनी?"

"लागलेय, बिनपगारी."

दुसऱ्या दिवशी दहालाच भाऊजी काडेपेटी वाजवत आले. धुराड्याचा धूर अजून आडवाच होता. मी म्हटलं, थांबा. ते बांधावर बसले, उठले, तंबाखू मळली. "अकरा वाजून गेले की वो!" यांना मी खिडक्या लावून घरात बसवलं होतं, तर हे खिडकी उघडून ओरडले, "अजून न्हाय! कारखान्याच्या बॉयलरवर जन्म गेलाय माजा. धुरानं मान वर काढू द्या!"

आणि थोड्या वेळानं काढली की मान! वर गेला आणि कालव्याकडं कलला. मग भाऊजींनी काडी लावली. पाचटाचा धूरही तसाच उंच उठून कालव्यापलीकडं गेला. तिकडं त्या वेळी बगळ्यांशिवाय कोणी नव्हतं. एक ठिणगी आमच्या बांधावर आली, ती मी पोत्यानं बडवली. पदराला भोक पडलं तेवढंच. एकच्या आत रान काळं होऊन निवलं.

रात्री जेवताना यांनी विचारलं, "उद्याचं काय म्हणतोय तुजा मोबाईल?"

"हिरवं म्हणतोय. पण सकाळी गच्चीवरून बघून सांगते."

सकाळी बघितलं, धूर सरळ. चप्पल दिली. सातचे आठ वाजले तरी यांचा पत्ता नाही, माझा जीव खालीवर. तेवढ्यात हसत आले. "तुज्या भाऊजींनी टपरीवर तुजी कीर्ती सांगितली. तिघं विचारत होते, आमच्या रानात कधी पेटवायचं?"

"त्यांना म्हणावं, पेटवलंच न्हाय तर माझ्याकडून चहा."

"सांगतो उद्या," म्हणाले आणि ताट ओढून बसले. दोडक्याची भाजी होती, त्यांना न आवडणारी. बातम्या सांगता सांगता सगळी खाल्ली.