दोन पौंडाची दोरी

डेंझिल प्रूइट काठी घ्यायला आला की माझ्या दुकानाचा सकाळचा धंदा बसलाच म्हणून समजावं. एकेक काठी तो फळीवरून उतरवायचा, टोक छताला टेकवून वाकवून बघायचा, मनगट सैल सोडून झुलवायचा, आणि मग डोळे मिटून मला सांगायचा, "ओपल, टोकाला नखानं टिचकी मार." मी मारायची. टिचकी त्याच्या तळहातापर्यंत पोचली की नाही ते तो बघायचा आणि मान हलवायचा. "मेलेली आहे ही. दुसरी दे." दुसरीही मेलेलीच निघायची. अख्खं दुकान असं मारून झालं की गळांची एक पुडी घेऊन स्वारी घरी.

"वेल्डाला पसंत करताना एवढा वेळ लावला होतास का रे?" मी एकदा विचारलं.

"मला कुठं विचारलं कुणी? तिनंच मला उचललं," तो म्हणाला. "टिचकीसुद्धा मारून बघितली नाही."

आमचं गाव आर्कान्सॉच्या डोंगरात, धरणाच्या पायथ्याशी आहे. धरणाच्या पाठीमागं तलाव पसरलाय. त्यात जुनं रान उभ्याउभ्या बुडालं, आणि त्या बुडालेल्या झाडांत बास राहतात. बास हा भांडखोर मासा. समोर काही हललं की तोंड घालायलाच हवं. पण गळ लागला की तो सरळ झाडात शिरतो, म्हणून त्याला ताठ काठी आणि जाड दोरी लागते; आत घुसायच्या आत उपटून काढावा लागतो. धरणाच्या तळातून सुटतं ते पाणी मात्र भर उन्हाळ्यातही हाडं गोठवतं, आणि नदीच्या त्या पाण्यात ट्राउट असतात. ट्राउट म्हणजे संशयी सासू. पाणी नितळ असलं आणि दोरी नजरेला पडली की उपाशी राहील, पण तोंड उघडणार नाही. तिथं काठी लवचीक हवी आणि दोरी केसासारखी, दोन पौंडांचं ओझं पडलं की तुटेल इतकी बारीक. मोठा मासा लागला तर ओढायचं नाही, दमवायचं. त्याला वेळ लागतो.

डेंझिलचं पोट यावरच चालायचं. टल्सा, मेम्फिस अशा शहरांतून हौशी माणसं यायची, नवीकोरी महागडी काठी घेऊन. डेंझिल ती हातात घ्यायचा, तिची तारीफ करायचा, गाडीत नीट आडवी ठेवायचा आणि म्हणायचा, "लग्नात मिरवायला फार छान आहे." मग त्या माणसाशी हस्तांदोलन करून, हात कसा आहे ते जोखून, स्वतःकडची एक काठी त्याला द्यायचा. आज पाणी कसं आहे, ऊन कसं आहे, माणूस उतावळा आहे की शांत, त्यावरून काठीवरचं, दोरी गुंडाळायचं रीळ आणि दोरी ठरायची. त्याची निवड चुकली असं मी कधी ऐकलं नव्हतं.

गेल्या पानगळीत टल्साचे एक शाळामास्तर आले होते. हसरा माणूस. नदीवर जाताना माझ्या दुकानातून लेकीसाठी लाकडी मासा घेऊन गेला. पाणी त्या दिवशी काचेसारखं होतं, म्हणून डेंझिलनं मास्तरांना दोन पौंडाची दोरी लावून दिली आणि दोघं नदीच्या मधल्या गोट्यांच्या बेटावर उतरले.

धरणावर वीज काढायला पाणी सोडतात तेव्हा आधी भोंगा होतो. भोंगा झाला की नदीतल्यानं काठ गाठायचा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. भोंगा झाला तेव्हा मास्तरांच्या गळाला त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा होता. डेंझिल ओरडला, "तोडा दोरी, मास्तर." मास्तर हसून म्हणाले, "एकच मिनिट." डेंझिलनं त्यांचा कोट धरला, ओढत निघाला. मास्तरांचा डोळा माशावर, पाय शेवाळावर. कोट डेंझिलच्या हातात राहिला आणि मास्तर पुलाखाली सापडले.

सगळ्या गावानं त्याला समजावलं. भोंगा झाला होता, तू सांगितलं होतंस, माणूस काही कुकुल्लं बाळ नव्हता. डेंझिल सगळं ऐकून घ्यायचा आणि एकच वाक्य बोलायचा.

"मी दोनची दिली. चारची दिली असती तर मासा भोंग्याच्या आधी जाळीत आला असता."

आयुष्यभर दोऱ्या विकल्यात मी. त्याचं म्हणणं खरं होतं, हे मला कळत होतं. मी आपली म्हणाले, "चारची दोरी दिसली असती तर मासा लागलाच नसता, बाबा."

"मग तर फारच बरं झालं असतं," तो म्हणाला.

त्या हिवाळ्यात तो दुकानात यायचा आणि काठ्यांसमोर नुसता उभा राहायचा. हात वर जायचा, काठीपाशी थांबायचा, खाली यायचा. मी एखादी काढून हातात द्यायची, "ही घे, जिवंत आहे." तो विचारायचा, "कुणासाठी?" मी म्हणायची, "तुझ्यासाठी, मेल्या." तो ती परत होती तिथं ठेवायचा.

वसंतात एका जुन्या गिऱ्हाइकानं त्याला बोलावलं. डेंझिल दोरी घ्यायला आला. एका हातात दोनचं रीळ, एका हातात चारचं. मी दुपारचं जेवून आले तरी तो तसाच उभा होता. कपाळावर घाम.

"ओपल, तू सांग."

"चार घे."

"आणि चारनं कुणी मेला तर?"

माझं डोकं सटकलं. "डेंझिल, दोरीनं माणूस मरत नाही. हट्टानं मरतो."

त्यानं दोन्ही रिळं ज्याच्या त्याच्या खणात ठेवली, टोपी घातली आणि गेला. ते गिऱ्हाईक त्यानं दुसऱ्याला देऊन टाकलं.

रविवारी चर्चबाहेर वेल्डा माझ्यापाशी रडली. वेल्डा म्हणजे त्याची बायको. बुटकी, गुडघ्यांनी अधू, पण कामाला वाघीण. आख्ख्या जन्मात तिनं गळाला हात लावला नव्हता. माशांचा वास घरात एकट्याचा पुरे, म्हणायची. ती सांगत होती, "काल विचारलं, घेवड्याबरोबर मक्याची भाकर करू की पाव भाजू? तर ताटावर बसून रडायला लागला, ओपल. म्हणाला, मला विचारू नकोस. तेवढंसुद्धा ठरवता येत नाही गं त्याला."

आणि मग एके दिवशी सकाळी ती दुकानात शिरली. अंगात एप्रन, हाताला कोपरापर्यंत पीठ.

"तो गेला."

"कुठं?"

"मासे धरायला म्हणाला."

"मग देव पावला की गं," मी म्हणाले.

"मलाही तसंच वाटलं. म्हटलं, बघू तरी कुठली काठी पसंत केली. पडवीत जाऊन बघितलं." तिला धाप लागली होती. "तलावाची नेलीय. ती जाडी. रीळ तर तिथंच खुंटीला आहे. आणि गाडी नदीच्या रस्त्याला वळली, ओपल. मी खिडकीतून बघितलं."

 ती मासेमारीतलं काही जाणत नव्हती, पण नवऱ्याला जाणत होती. जो माणूस ढग आला म्हणून दोरी बदलायचा, तो ट्राउटच्या नदीवर बासची काठी घेऊन गेला होता, आणि तीही बिनरिळाची. त्यानं काही निवडलंच नव्हतं. बायकोच्या डोळ्यांसमोरून जाताना हातात काहीतरी दिसायला हवं, म्हणून पहिली लागली ती उचलली होती.

मी शेरीफच्या कचेरीत फोन केला. निघतो म्हणाले. त्यांची वाट बघायला मला वेळ नव्हता. वेल्डाला गाडीत कोंबली आणि नदीवर आले.

त्याची गाडी काठाला होती. जाडी काठी दाराला टेकवलेली. तो समोर, त्याच बेटावर, मास्तर उभे होते त्या दगडावर आमच्याकडे पाठ करून बसला होता. मधलं पाणी घोट्याएवढं. आम्ही गाडीतून उतरतोय तोच भोंगा झाला. डेंझिलनं मान वर केली नाही.

वेल्डानं हाका मारल्या. मी शिव्या दिल्या. माझ्या नवऱ्याला जन्मात दिल्या नाहीत अशा दिल्या, त्याच्या बापाला आणि आजाला वर काढून दिल्या. तो हलेना. काठाचे गोटे एकेक करून ओले व्हायला लागले.

मला पोहता येत नाही आणि माझं वजन मी कुणाला सांगत नाही. वेल्डाचे गुडघे तसले. काय करावं सुचेनासं झालं की माणूस हाताच्या सवयीचं ते करतो. माझ्या गाडीत माझी ट्राउटची काठी कायम पडलेली असते. ती काढली आणि दोरीची फेक त्याच्याकडे केली. पहिली पाण्यात पडली. दुसरी त्याच्या खांद्यावरून जाऊन मांडीवर पडली.

त्यानं खाली बघितलं. मग, किती वर्षांची सवय ती, दोरी अंगठ्यात आणि बोटात धरली. ओढली नाही, सोडलीही नाही.

वेल्डानं माझ्या हातातून काठी घेतली.

"हे कसं फिरवतात?"

"हळू. जोर लावलास तर तुटेल. दोनची आहे."

तिनं ते ऐकलं आणि नदीकडे तोंड केलं. "डेंझिल," ती म्हणाली, "ही पण दोन पौंडाचीच आहे. तुला राहायचं असेल तर एक हिसका दे आणि राहा. मी ओढणार नाही."

आणि ती पाण्यात उतरली. पोटऱ्या, मग गुडघे.

तो वळला. "वेल्डा, मागं हो."

"नाही होणार. तू ये."

"पाय घसरेल तुझा."

"घसरू दे."

"ओपल, धर तिला."

"मी नाही धरणार जा," मी म्हणाले. खोटं बोलले. तिच्या पाठीमागं पाण्यात उभी राहून मी तिच्या एप्रनच्या नाड्या मनगटाला गुंडाळून घेतल्या होत्या.

डेंझिल उठला. "दोरी सैल पडली, फिरव," मी वेल्डाच्या कानात म्हणाले. तिनं रीळ फिरवलं. तो दगडावरून उतरला, दोरी बोटाला वेढून घेतली आणि पाण्यात आला. मांड्यांपर्यंत पाणी, मग कमरेपर्यंत. तोंड प्रवाहाकडे, पाऊल तिरकं, चाचपून टाकलेलं. मध्यावर येऊन तो थांबला. टोपी वाहून गेली तरी त्याचं लक्ष नव्हतं. तो बोटावरच्या दोरीकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. पाणी छातीला लागलं होतं.

तेवढ्यात दोरी तुटली. त्याच्या हाताला हिसका बसला की पाण्यानं त्याला रेटलं, मला आजही सांगता येणार नाही. टोक वाऱ्यावर उडालेलं मी बघितलं.  आग लागो त्या दोरीला, माणूस आता गेला, एवढंच माझ्या मनात होतं.

वेल्डा रीळ फिरवत होती. हळूहळू, मी सांगितलं होतं तसं. काठी सरळ झालेली, दोरी मोकळी येतेय, आणि बाई फिरवतेय. तिला यातलं काही कळत नाही हे मला माहीत होतं. डोळे त्याच्यावर लावून ती फिरवत राहिली.

डेंझिल उभा होता. बोट वर धरलेलं, त्याला लोंबता तुकडा. त्यानं तिच्याकडे बघितलं. मग पुढचं पाऊल टाकलं. आणि त्याच्या पुढचं.

हाताच्या अंतरावर आला तेव्हा वेल्डानं काठी टाकून त्याची कॉलर धरली, मी नाड्या धरून दोघांना ओढलं आणि आम्ही तिघं चिखलात आडवे झालो. मागं वळून बघितलं तर बेट नव्हतं. नदी एकसारखी, काठोकाठ वाहत होती. रस्त्यावर शेरीफच्या गाडीचा आवाज यायला लागला.

डेंझिलचे दात वाजत होते. तो म्हणाला, "दोरी तुटली होती."

"माहीत आहे," वेल्डा म्हणाली.

"मग फिरवत कशाला होतीस?"

"तू बघत होतास ना."

 तो तोंड दुसरीकडे करून म्हणाला, "आणि मी मागं फिरलो असतो तर?"

वेल्डा एप्रन पिळत राहिली.  तिच्या नाड्या माझ्या मनगटाला होत्या. तो मध्यावर थांबला होता तेव्हा ती त्याच्याकडे जायला किती जोरानं ओढ घेत होती, त्याचे वळ अजून माझ्या हातावर होते.