शेवंताबाई आणि न पाहिलेलं घर

पोराच्या घरचं पाणी प्यायल्याशिवाय शेवंताबाई त्याचं नाव अंगणवाडीच्या पटावर चढवत नसत. दरेकशाजवळच्या एका टोल्यावर, म्हणजे लहानशा गोंड वस्तीवर, त्या सेविका होत्या, शिक्षण सातवी. "घर नाई पायलं त पोट्टं काय समजन?" असं त्यांचं म्हणणं. मला हसू यायचं. मी नागपुरात बालविकास शिकून आलेली पर्यवेक्षिका. मला सगळं कागदावरूनच कळत होतं ना!

त्या उन्हाळ्यात मी मुलांची पाहणी करायला गेले. सुकवारो नावाची पाच वर्षांची पोर समोर बसली. चित्रं दाखवत दहा वेळा विचारलं, "हे काय आहे?" ती ढिम्म. मी लिहून मोकळी झाले: 'बोलण्यात मागे. मतिमंद असण्याची शक्यता. आईवडील निरक्षर, घरचे वातावरण प्रतिकूल.' अशा शेऱ्यांची यादी शाळेत गेली की पोर पहिलीच्या दारातच कायमची 'तसली' ठरते, हे मला ठाऊक होतं. तरी यादी मोबाइलवरून तालुक्याच्या साहेबांना पाठवून दिली.

शेवंताबाई भडकल्या. "तिच्या घरी गेल्या का जी?"

"त्याची गरज नसते."

"काऊन नसते? घरावर लिवून रायल्या, अन् घर पायलंच नाई!"

अंगणवाडी सुटल्यावर मनगट धरून त्यांनी मला ओढतच नेलं. अंगणात मोहफुलं वाळत होती. आजीपुढे बसून सुकवारो गोंडीत अखंड बडबडत होती, मधेच बकरीला दटावत होती. आम्ही कुडाआड थांबलो. पोरीने काडीचा पेन केला, बोटांचा चष्मा डोळ्यांना लावला, मान ताठ केली आणि हुबेहूब माझ्या आवाजात, शुद्ध मराठीत म्हणाली, "हे काय आहे?" आजी हसून हसून लोळली.

"आयका जी, तुमची मुकी!" शेवंताबाई म्हणाल्या. "घरी गोंडी बोलते, तुमी पुस्तकातलं इचारता. आता सांगा, मागं कोन हाय?"

लाज वाटली मला. पण साहेबांना कोण सांगणार? "बघू" म्हणून मी गप्प बसले.

त्या बसल्या नाहीत. दुसऱ्या सकाळी आजी-नातीला घेऊन गाडीने तालुक्याच्या कार्यालयात धडकल्या. साहेबांनी विचारलं, "बाई, तुम्ही किती शिकलात?"

"सातवी. पन मी हिच्या घरी गेली. तुमच्यातलं कोन गेलं?"

यादीतलं नाव खोडेपर्यंत त्या दारातून हलल्या नाहीत.

नाव खोडलं गेलं. मग साहेबांनी माझ्याकडून अहवाल मागवला, की सेविकेने कार्यालयात गोंधळ घातला. चूक माझी आणि ठपका बाईंवर! आजही अंगाचा तिळपापड होतो. साहेबांचा तो आदेश घेऊन मी अंगणवाडीत गेले, तर बाई खिचडी ढवळत होत्या. सांगताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"कायले रडून रायल्या जी? पोट्टीचं नाव निंगालं ना? मंग लिवा माह्यं."

मी लिहिलं. बाई मागच्या वर्षी वारल्या. फायलीत तो अहवाल अजून आहे, आणि खाली सही माझी आहे.